घाईची साक्ष

रविवार, १ सप्टेंबर

दिली साक्ष! भर उपासनेत उभी राहिले आणि सांगून टाकलं — प्रभूने ह्यांची वाचा परत दिली! पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. सगळी मंडळी टाळ्या वाजवत होती.

काल सकाळी हे "पाणी" म्हणाले. स्पष्ट! झटका आल्यापासूनचा पहिला शब्द. मग मी गप्प बसू कशाला?

सोमवार, २ सप्टेंबर

आज काही नाही. दमले असतील.

बुधवार, ४ सप्टेंबर

दर बुधवारी बायका ह्यांच्यासाठी प्रार्थना करायला आमच्या घरी जमायच्या. आज कुणी फिरकलं नाही. बरोबरच आहे — आमच्या मंडळीत साक्ष दिली की विनंती मिटली, आता पाळी दुसऱ्या कुणाची. मी मात्र चहाचं आधण ठेवून बसलेली. उतरवलं.

"अहो, पाणी हवं का? म्हणा ना — पाणी!" नुसते बघत राहिले. केस कापताना हा माणूस गिऱ्हाइकाला हूं की चूं करू देत नसे!

देवा, एक शब्द देतोस आणि लगेच हात आखडता घेतोस? राग आलाय तुझा. लिहून ठेवते.

शनिवार, ७ सप्टेंबर

वाचा सुधारायला ज्या थेरपीवाल्या बाई येतात, त्या आज माझ्यावरच ओरडल्या. कपाचं चित्र दाखवलं, ह्यांचे ओठ हलायला लागले, आणि मी म्हणाले, "कप!" बाईंनी चित्र खाली ठेवलं.

"ताई, त्यांना सगळं कळतं. शब्द त्यांना काढू द्या. तुम्ही थांबायचं. कितीही वेळ लागू दे, थांबायचं."

थांबा, थांबा! पाळकसाहेबांचंही तेच — प्रभूची वाट पाहा. सांगायला काय जातं? ह्यांना आंघोळ घालायला मी, शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायला मी!

रविवार, ८ सप्टेंबर

एकटीच गेले उपासनेला. दाराशीच घोळका. "मग, काय म्हणतात भाऊ?"

माझ्या जिभेला हाड नाही! मी म्हणाले, "म्हणतात, प्रभूची वेळ कधी चुकत नाही." कुठून सुचलं कोण जाणे. पाळकसाहेबांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं.

गुरुवार, १२ सप्टेंबर

नणंदेने पकडलं. मी कामावर असते तेव्हा तीच ह्यांच्याजवळ बसते. "वहिनी, दादा माझ्याशी एक अक्षर बोलत नाही. आणि बाहेर काय ऐकतेय मी?"

मी म्हटलं, मी विश्वासाने बोलले.

"विश्वास कसला? घाई आहे ही. तुला कधी दम धरवलाय?" दार आपटून गेली.

खूप रडले. खरं सांगायची हिंमत नाही. हे कधीच बोलले नाहीत तर? माझ्या थापेची शिक्षा देव ह्यांना देत असेल तर?

शनिवार, १४ सप्टेंबर

पाळकसाहेब घरी आले. उद्याचं प्रवचन म्हणे त्या वाक्यावर! "भाऊ, तुमच्या वाक्याने मला हलवून सोडलं. उद्या यायचंच." वाक्यही म्हणून दाखवलं. हे खुर्चीत बसून माझ्याकडे टक लावून बघत होते.

माझी नजर वर होईना.

रविवार, १५ सप्टेंबर

पाळकसाहेब व्यासपीठावरून खाली आले, ह्यांच्यासमोर उभे राहिले. "भाऊ, ते वाक्य तुमच्याच तोंडून ऐकू द्या."

ह्यांचे ओठ हलले. मी पुढे बोलणारच होते — जीभ दाताखाली धरली. थांबले. सगळं चर्च थांबलं.

"खो... टं," हे म्हणाले. मग माझ्याकडे बोट करून, अगदी स्वच्छ — "ही बोलली."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी मोठ्याने म्हणाले, "आमेन!"