बोटभर मोठे बूट

१२ जानेवारी, नांदेड
सुजाताचा लातूरहून फोन. काश्मीरच्या स्नोबोर्डिंग कोर्सला नाव लागलं. दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फावरून घसरायचं. फळी तिथे भाड्याने. बूट, हेल्मेट आपलं. तिच्या डाव्या घोट्यात दोन स्क्रू आहेत, हे लेकीच्या लक्षात आहे का? विचारलं नाही. "सामान मी घेते," एवढंच म्हटलं. तिच्यावर सोडलं तर काहीतरी स्वस्तातलं उचलेल.

१४ जानेवारी
शेजारच्या शकुंतलाबाई: "नवं हेल्मेट कशाला? स्कूटीचं हाय की." त्या गेल्यावर ते हातात घेऊन पाहिलं. जड. शिवाय एकदा आपटलेलं. नवं मागवलं.
सु. म्हणते बूट सहा नंबर. सात मागवले. आत जाड मोजे येतील. आमच्या घरात बूट कायम बोटभर मोठेच घेतले.

१९ जानेवारी
बूट आले. लेबलं कापली, आत मार्करने नाव घातलं. कोर्सला पुष्कळ मुली, अदलाबदल नको. मग सोबतचा कागद वाचला. बोटं पुढे टेकलीच पाहिजेत. टाच आत उचलली गेली तर घोटा मुरगळण्याची भीती.
आधी वाचायला काय झालं होतं?

२० जानेवारी
दुकानाला फोन. नाव घातलेला माल परत घेत नाहीत. सहा नंबर संपलेत. बत्तीस वर्षं शाळेत मीच पोरांना बुटात नाव घालायला लावलं.
सु.ला अजून सांगितलेलं नाही. फोनवर नको.

२३ जानेवारी, लातूर
खोकं मांडीवर घेऊन सकाळच्या बसने आले. सु.ने बूट घालून आवळले, गुडघे वाकवले.
"आई, टाच वर यायलीय. कोणता नंबर हाय?"
"सात."
"मी सहा म्हणले होते."
"हो."
"एकोणतीस वर्षांची झाले गं. पाय वाढायचा थांबला माझा!"
हसली. मला हसू आलं नाही. तिथे बाहेरून भाड्याचे घे म्हटलं, तर म्हणे ते कसे निघतील काय माहीत.

२४ जानेवारी
गंजगोलाईच्या बाजारात चपला शिवणारे मामा. बूट उलटापालटा करून म्हणाले, "हे कशाचे हाईत ताई? चंद्रावर जायलाव का?" टाचेच्या दोन्ही बाजूंनी नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, जाड तुकडे चिकटवून दिले. सु.ने तिथेच उड्या मारून पाहिल्या. माणसं गोळा झाली.
"आता न्हाई उचलत."
"डावी?"
"थोडी. चालतंय."
चालतंय म्हणजे काय?

२९ जानेवारी, नांदेड
सु.ला गाडीत बसवून आले. बजावलं, टाच हलली की लगेच सरांना सांगायचं. तिथे लाजायचं नाही. "हाव," म्हणाली. कॉलेजात पोरांना खेळ शिकवते, स्वतःचं दुखणं सांगत नाही. घोटा मोडला तेव्हाही दोन दिवस त्यावर चालली होती.

२ फेब्रुवारी
फोटो आला. सगळ्या गुडघाभर बर्फात. बूट दिसत नाहीत.
लिहिलं: डावी टाच?
उत्तर: "लई भारी वाटायलंय आई. उद्या वरच्या उतारावर नेणार हाईत."
परत तेच विचारलं. अजून वाचलेलं नाही.