डाव्या स्क्रीनवरचं पत्र

प्रिय वन्सं,

कागदावर लिहितेय, कारण कागद समोर धरला की दिसतो. तुमच्या त्या ईमेलच्या प्रोग्रामवर माझा आता काडीचा विश्वास उरलेला नाही! आज दुपारी त्यानं मला असा घाम फोडला की घरी आल्याआल्या चहा टाकला आणि तुम्हाला पत्र लिहायला बसले. तुमचे बंधुराज विचारताहेत, "कुणाला लिहितेस?" म्हटलं, "तुमच्या बहिणीला. भांडायचंय." ते पेपर घेऊन गॅलरीत गेले. नणंद-भावजयीच्या मधे पडायचं नाही, एवढं ते इतक्या वर्षांत शिकलेत.

आधी बातमी सांगते. तुम्ही गेलात आणि तीन महिन्यांत आपली नया बाजारची शाळा मुरारच्या शाळेत विलीन झाली. संस्था एक, मग शाळा दोन कशाला, असं वरून आलं. बाकं, कपाटं, फळे, पितळी घंटासुद्धा ट्रकात घालून मुरारला गेली. मीही रोज टेंपोत गुडघे पोटाशी घेऊन जाते. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे. "मुरारवाल्यांना फाइल लावता येत नाही." किती वर्षं ऐकलं हे तुमच्याकडून! त्यातून त्यांच्या ऑफिसातल्या तोमर मॅडमचं नाव निघालं, की तुम्ही चष्मा काढून उगीचच पुसत बसायचात.

आता दोन्ही शाळांच्या नोकरवर्गाची एकच यादी व्हायची होती. त्या यादीत रामकलीचं नाव नव्हतं, वन्सं! आपली रामकली! बालवर्गातल्या निम्म्या ग्वाल्हेरची नाकं जिनं पुसली, ती! संस्था म्हणाली, ती कायम झाल्याचा कागद दाखवा, नाहीतर नाव कमी. कागद फायलीत होता, फाइल ट्रंकेत होती, आणि ट्रंक उघडली तर आत नुसते भूगोलाचे नकाशे. यादी आज पाचला बंद होणार होती. रामकली सकाळपासून दाराशी बसून. मला म्हणाली, "भाभी, दीदी ने तो कंप्यूटर में चिट्ठी मँगाई थी. मेरे सामने बोली थीं, जा, तू पक्की हो गई."

म्हणजे ते पत्र तुमच्या कंप्यूटरवर होतं. आणि तुमचा कंप्यूटर आता माझ्या टेबलावर आहे. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम!

पण तुमच्या पद्धती! सगळं जग पत्रांच्या यादीशेजारीच मजकूर वाचतं. तुम्ही तो भाग कायमचा बंद करून ठेवलेला. "असं अर्धवट उघडून पत्र वाचणं म्हणजे लोकांच्या दारातून डोकावणं," म्हणायचात. प्रत्येक पत्राला त्याची वेगळी विंडो, ती ओढून डाव्या स्क्रीनवर न्यायची आणि काम पुरं होईपर्यंत बंद करायची नाही. उजव्या स्क्रीनवर यादी, डावीकडे पत्रं. मी हसायचे तुम्हाला. पण काम कधी राहिलं नाही तुमचं, हेही खरं.

तर मी रामकलीचं नाव घालून शोधलं. पत्र सापडलं! दोनदा टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. खालच्या पट्टीवर मात्र पत्र उघडल्याची खूण. तिच्यावर बाण नेला की पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र दिसायचं, अक्षरं मुंग्यांएवढी. बाण हलला की तेही गडप. पत्र उघडलेलं आहे आणि दिसत नाही! असं कधी कुणाचं झालंय का हो?

प्रोग्राम बंद केला, सुरू केला. कंप्यूटर बंद केला, सुरू केला. मग त्यानं विचारलं, सेफ मोडमध्ये उघडू का? म्हटलं, उघड बाबा, सेफ तर सेफ. तरी तेच. मग वरच्या मेन्यूत जाऊन मी इथे दाब, तिथे दाब केलं, तर डावीकडची फोल्डरांची यादीच नाहीशी झाली. आगीतून फुफाट्यात! साडेतीन वाजले होते. दारात रामकली पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

शेवटी मी मोठमोठ्यानं तुमच्याशीच भांडायला लागले. कुठे ठेवलंय म्हणून भांडले, असं का ठेवलंय म्हणून भांडले, आणि हातासरशी जुनंही काढलं. मला कायम करायला दोन वर्षं लावलीत, ते. स्वतःची नणंद ऑफिसची मुख्य, आणि मी दोन वर्षं हंगामी! महालक्ष्म्यांना, हळदीकुंकवाला, जिथे चार बायका भेटल्या तिथे मी हे गाऱ्हाणं सांगितलंय. तुम्ही समोर असायचात आणि चिवड्यातले दाणे वेचत राहायचात.

"भाभीजी, किससे लड़ रही हो?" मागून आवाज आला. तोमर मॅडम!

"ननद से," म्हटलं.

त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. खालच्या पट्टीकडे बघितलं, टेबलाच्या डाव्या कोपऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पहले दो स्क्रीन थीं क्या इसमें?"

वन्सं, डावी स्क्रीन कुणी काढली? मीच! सामान बांधताना हुकूम होता, एका टेबलाला एकच स्क्रीन. मी म्हटलं, इतकं काय बघायचं असतं डावीकडे, आणि दिली ट्रकात. ती आता कुठे आहे सांगू? तोमर मॅडमच्या टेबलावर!

"तो चिट्ठी वहीं खुल रही है, जहाँ वो स्क्रीन थी," त्या म्हणाल्या. "इसको किसी ने बताया ही नहीं कि अब वहाँ कुछ नहीं है."

खरं सांगू? मला एकदम भरून आलं. तुम्ही माझ्या डाव्या हाताला बसायचात; आता तुमच्या खुर्चीत बसून मीसुद्धा अजून डावीकडे वळून विचारते, "वन्सं, आज तारीख काय?" आणि मग स्वतःच भिंतीवरचं कॅलेंडर बघते. तोमर मॅडमनी पाण्याचा पेला पुढे केला.

मग त्यांनी शिफ्ट दाबून धरलं, पट्टीवरच्या खुणेवर माउसचं उजवं बटण दाबलं, "मूव्ह" निवडलं, उजवा बाण एकदा टिचकावला आणि माउस हलवला. उशिरा आलेल्या पोरीसारखी ती विंडो डावीकडून हळूच वर्गात आली! फोल्डरांची यादीही त्यांनीच जागेवर आणली. शिकून घेतलंय मी, वहीत लिहून ठेवलंय. आणि हो, त्यांना फाइल लावता येते. उत्तम येते. उलट त्याच म्हणाल्या, "दीदी से सीखना था मुझे. पर वो हमसे बोलती ही कहाँ थीं." का नाही बोललात हो? तुमची जोडी जमली असती!

आता भांडणाचं खरं कारण. वर संस्थेचं उत्तर होतं, रामकलीची कायम नेमणूक मंजूर. त्याच्या खाली तुमचं पत्र. मी ते वाचलं. त्या वर्षी कायम करायची जागा एकच होती, आणि नावं दोन होती, रामकली आणि मी. तुम्ही लिहिलं होतं, "रामकली को पहले लीजिए. उसके पीछे तीन बच्चे हैं और कोई नहीं. सुनंदा घर की है, ठहर जाएगी."

ठहर जाएगी! एका शब्दानं मला विचारलं नाहीत! विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं का, हे मी आज दुपारपासून स्वतःला विचारतेय. नसतं म्हटलं बहुधा. चार दिवस जेवले नसते आणि तुमच्या भावाचंही जेवण गोड लागू दिलं नसतं. तुम्हाला ते माहीत होतं, आणि तरी तुम्ही "ठहर जाएगी" लिहून मोकळ्या झालात. आणि मी तुमच्या तोंडावर तुमची गाऱ्हाणी करत राहिले. माझं चुकलं, वन्सं. हे तुम्ही हयात असताना तुमच्यासमोर म्हणायला हवं होतं.

तोमर मॅडमनीही ते वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. "ऊपर वाला पन्ना ही काफ़ी है," एवढंच म्हणाल्या, आणि पहिलं पान तेवढं छापून स्वतः प्राचार्यांकडे घेऊन गेल्या. पावणेपाचला रामकलीचं नाव यादीत चढलं. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "भाभी, दीदी ने मेरे लिए क्या लिखा था?"

मी म्हटलं, "लिखा था कि रामकली के बिना स्कूल नहीं चलेगा."

ती इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी डोळे पुसायला तिलाच पदर घ्यावा लागला.

तर वचन देते. त्या जागेसाठी दोन नावं होती हे तुम्ही तिला कधी कळू दिलं नाहीत, मीही कळू देणार नाही. आणि यापुढे कुठल्याही हळदीकुंकवाला कुणी विचारलं, "तुला गं का इतका उशीर झाला कायम व्हायला?" तर सांगेन, वन्सं म्हणाल्या थांब, म्हणून थांबले.

तुमची,
घरचीच
सुनंदा