पहिली पॉलिसी

अमरावती, १२ मार्च २००८

प्रिय करिश्मा,

गुरुवार, ७ फेब्रुवारी, सकाळी पावणेनऊ. इंदूबाई भाजीबाजारात पोतं अंथरून मेथीच्या जुड्या लावत होती आणि तू अकोल्याहून पहिल्या गाडीने येऊन तिच्यासमोर उकिडवी बसलीस. वेळ मी शेजारी बसणाऱ्या बेबीताईकडून पक्की करून घेतली आहे. मी कशी आहे ते तुला माहीत आहे. विम्याच्या पॉलिसीचे वीस हजार रुपये रोख, सात सह्या. तू तिला म्हणालीस, मावशी, एकदाच भरा, पाडव्याला लागले तर काढून देते. दरवर्षी वीस हजार भरायचे आहेत आणि तीन वर्षं त्यातला एक पैसा निघत नाही, हे तू तिला सांगितलं नाहीस. ते मी सांगितलं, ३ मार्चला, त्याच दिवशी पोस्टाने आलेलं पॉलिसीचं जाड पाकीट वाचून घ्यायला ती माझ्याकडे आली तेव्हा.

तुझ्या विमा कंपनीच्या अकोल्याच्या ऑफिसात चार फोन केले. दर वेळी एकच उत्तर, मॅडम फिल्डवर आहेत. मॅडम! नांदगाव खंडेश्वरहून पत्र्याची पेटी घेऊन माझ्या मागच्या खोलीत राहायला आलीस आणि पहिल्याच आठवड्यात म्हणालीस, ‘बाई, इंग्रजी वाचलं का मले मळमळते.’ आर्थिक नियोजनाच्या त्या पहिल्या परीक्षेचं पुस्तक सगळं इंग्रजीत. बी.कॉम. झालेली तू पहिल्या पानावर रडलीस. म्हणून त्रेसष्टाव्या वर्षी मीही अर्ज भरला, केवळ तुला सोबत म्हणून. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून शिकवलेलं व्याकरण अखेर म्युच्युअल फंडाच्या कामी आलं.

जोखीम विभागायची म्हणजे काय, हे तुला कळेना. मी विचारलं, तुझे बाबा कपाशीत तुरीचं तास काहून टाकतात? तू म्हणालीस, एक गेलं तर दुसरं राहते. झाला धडा. चटकन रोख करता येईल अशी मालमत्ता कोणती, यावर तुझं उत्तर होतं, ‘बकरी. अडलं-नडलं का बाजारात विकता येते. बैल विकला तर वखर कोन ओढन, बाई?’ इतकं चांगलं उत्तर त्या पुस्तकात नव्हतं. मी ते समासात लिहून ठेवलं. पहिल्या खेपेला तू तीन मार्कांनी नापास झालीस, मी पास झाले, आणि तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. दुसऱ्या खेपेला तू पास झालीस तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले. इंदूबाईला दोन दिले आणि म्हणाले, पैशाचं काही विचारायचं असलं तर आमच्या करिश्माला विचारत जा, ती खोटं सांगणार नाही.

तिने विश्वास ठेवला तो माझ्या या वाक्यावर. ते वीस हजार म्हणजे दीड एकराचा मक्ता आहे, दर पाडव्याला मालकाला द्यायचा. जमीन त्याची, भाजी हिची. यंदा पैसे हातात पडले नाहीत तर तो शेत दुसऱ्याला देणार. दुसरा माणूस येऊन विहीर पाहूनसुद्धा गेला.

तू मुळात लबाड नाहीस. यंदा तुमच्याकडे कपाशीचं काय झालं, धाकट्या बहिणीची फी कोण भरतं, मला ठाऊक आहे. महिन्याचं टार्गेट चुकलं की तिथे काय ऐकून घ्यावं लागतं, तेही कानावर आलं आहे. पण त्या सकाळी तू माझ्या घरापासून चार मिनिटांवर होतीस आणि न येता परत गेलीस. मी चहा टाकला असता गं. तू आली नाहीस, यावरूनच मला कळलं की आपण काय केलं ते तुला पुरतं कळत होतं. ते मला जास्त लागलं.

पाकीट मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पॉलिसी परत करता येते, हे आपण दोघींनी ओसरीवर बसून पाठ केलं होतं. ही मुदत १८ मार्चला संपते. अर्ज मी लिहून तयार ठेवला आहे, फक्त इंदूबाईची सही हवी, आणि ती सही करत नाही. तीन दिवस समजावते आहे. म्हणते, ‘पोरीची पयली पॉलिसी हाये ते. तिनं सोता सांगतलं, मावशी, बोहनी करून द्या. बोहनीचा पैसा कोनी वापस मांगते काय, बाई? तिच्या धंद्याले जनमभर लागन ते.’ मी ओरडले, अगं शेत जाईल. तर म्हणते, ‘शेत दुसरं भेटन. पोरगी तुमची हाये ना?’ रोजचा पहिला रुपया कपाळाला लावल्याशिवाय दुसरी जुडी न विकणारी बाई ती. माझ्या पुस्तकाने हलत नाही आणि माझ्या रागानेही. ती ऐकेल फक्त तुझं. म्हणून हे पत्र. तुझ्या हाताने, मोठ्या अक्षरात तिला लिही की तिने केलेली बोहनी तू राजीखुशीने मोकळी करते आहेस, तिने सही करावी, तुझ्या धंद्याला काही लागणार नाही. फोन चालणार नाही. फोनवर तू रडशील आणि ती तुलाच समजावत बसेल. सोमवार, १७ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत ते लेखी उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे.

तुझीच,
कौशल्याबाई