पिंजरात पिकलेले टोमॅटो

खिजरभाई, सलाम.

त्या जुम्म्याला फजरची नमाज पढून परसात आलो आणि थिजलोच. माझ्या झाडांवर एकही हिरवा टोमॅटो उरला नव्हता. भिंतीपलीकडून फातिमाभाभी म्हणाल्या, "आता बोंबलू नका, लालासाब. चोर घरचाच हाय. थंडीत झाडावर पिकायचे न्हाईत म्हणून ह्यांनीच तोडून भाताच्या पिंजरात, वाळल्या पेंढ्यात, पिकायला घातल्यात."

वाटणी झाल्यापासून माझ्या सलामाला जवाब न देणारे तुम्ही, माझ्या टोमॅटोंसाठी भिंत चढून आलात? मला अजून खरं वाटत नाही.

काल भाभींनी भिंतीवर टोपली ठेवली. सगळे लालभडक. मी बराच वेळ हात लावला नाही.

हे पत्र पाठवत नाही. वाटणीच्या दिवशी मधल्या दारात आपण रचलेल्या विटा मी आज काढून टाकल्या.

तुमचा धाकटा,
लालासाब