चोंगचिंगचं गरम पाणी

३ सप्टें., बुध.
पोचले एकदाची चीनमध्ये, चोंगचिंगला. हॉस्टेल सापडायला दीड तास. मोबाईलवरचा नकाशा म्हणतो, पोचलात. कुठं पोचले? हॉस्टेल डोक्यावर, अकरा मजले वर! लिफ्टनं गेले, दार उघडलं, तर समोर पुन्हा रस्ता, बस, झाडं. डोंगर आमच्या कुंडललाही आहेत, पण ते गावाच्या कडेला गप उभे असतात.
घरी कॉल फक्त सांगलीहून आणलेल्या सिमवर लागतो, तोही तुटत तुटत. आई बोलली. आण्णा बोलले नाहीत; बापाचा राग अजून तसाच. मागं खोकला ऐकू आला, म्हणजे होते.

४ सप्टें.
उकाडा असा की अंगातलं त्राण जातं. मेसमध्ये पाणी मागितलं, वाफाळतं आलं. खुणेनं सांगितलं, गार. बाईनं हसून आणखी गरम ओतलं. वर्गाबाहेर, स्टेशनात, जिथं तिथं गरम पाण्याचे नळ. जो तो थर्मास बाळगून. वैताग!
आण्णांच्या खोडीपासून सुटले म्हणावं तर अख्खं शहर आण्णांसारखं. फौजेतून येऊन सात वर्षं झाली, तरी भर मे महिन्यात उसाच्या बांधावर बसून थर्मासातलं गरम पाणी पितात. सीमेवरच्या बर्फातली सवय. भावकी हसते, आई कपाळावर हात मारते.

६ सप्टें., शनि.
पुन्हा चुकले. तिसऱ्या मजल्यावरून आत, नवव्यावरून बाहेर, दोन्हीकडं रस्ता. तासिका बुडाली. विचारू कुणाला?
आण्णा मार्चपासून माझ्याशी बोललेले नाहीत. स्कॉलरशिपचं पत्र आलं त्या दिवशी एवढंच म्हणाले, "वीस वरीस ज्यांच्याफुडं बंदूक घिऊन हुबा ऱ्हायलो, त्यांच्याच दारात शिकाय जाणार व्हय?" नंतर सगळं आईमार्फत. निघताना बॅग गाडीत ठेवली, माझ्याकडं बघितलं नाही.
पूल बांधायला शिकायचं तर जिथं पूल आहेत तिथंच जाणार ना? माझ्या खिडकीतून चार दिसतात. राग येतो आण्णांचा. लय येतो. आणि रोज कॉल लावला की आधी त्यांचाच खोकला ऐकू येतो का बघते.

९ सप्टें.
आपण तिखटाची माणसं, ही घमेंड उतरली. वर्गातल्या मुलींबरोबर लाल तेलात उकळलेल्या भाज्या खाल्ल्या. तिखट सोसलं, पण त्यातल्या कसल्या दाण्यांनी जीभच बधिर. मग पोट.
दुपारभर आडवी. लिऊकाकू (हॉस्टेलच्या दारात बसतात त्या) थर्मास घेऊन आल्या. फोन पुढं धरला, त्यातून इंग्रजी बोलणारी बाई म्हणाली, गरम पाणी प्या. दुसरं काय म्हणणार! प्याले. बरं वाटलं, याचीच चीड जास्त.

११ सप्टें., गुरु.
आज आईपुढं सगळी भडास. "ताप आला गरम पाणी, पोट दुखलं गरम पाणी, नापास झाले तरी हेच देतील. म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सगळ्यांच्या काखेत थर्मास!"
आई हसायला लागली. "आवं, ऐकलं का? तितं समदी तुमच्यावानीच हायती."
फोन खरखरला. आण्णांचा आवाज, जवळून.
"समोरच्या चौकीवरला बी रोज सकाळी थर्मास घिऊनच यायचा. दुर्बिणीत दिसायचा. वाफ निघायची." मग, "पोट कसं हाय आता?"
"बरं आहे," म्हटलं. सहा महिन्यांचं साठवलेलं भांडण कुठं गेलं कुणास ठाऊक. तोवर फोन आईकडं गेला होता. मी रडले, मग रडले म्हणून स्वतःवर चिडले.

१४ सप्टें.
बाजारात गेले. येताना फक्त दोनदा चुकले. थर्मास बघितले, नुसती भिंत भरून. आण्णांच्या जुन्याचं बूच गेल्या वर्षीच गेलंय, फडकं कोंबून चालवतात.
आईला म्हटलं, सुट्टीला येताना इथला एक आणू का, विचार. ते कसले घेतायत इथली वस्तू! पण विचार.

१५ सप्टें.
कॉल लागेना. तीनदा तुटला. चौथ्यांदा आई.
"विचारलंस का?"
"इचारलं की."
"मग?"
"व्हय बी न्हाई, न्हाई बी न्हाई. उठून रानात गेलं. सांच्याला आल्यावर एवढंच म्हनलं, किती तास गरम ऱ्हातंय, इचार तिला."
उद्या दुकानात जाऊन विचारते.