पंचवीस एप्रिलच्या आधी नाही

सोमवार, ३ मार्च

निर्णय झाला. घरात मध्यवर्ती गॅस-हीटिंग बसवायचे. यंत्र मागच्या अंगणात भिंतीला टेकून राहील. तेथून जमिनीच्या लाकडी फळ्यांखालून जाड नळ्या, ज्यांना आमचा गॅसफिटर लॉरी ‘डक्ट’ म्हणतो, प्रत्येक खोलीपर्यंत जातील आणि खोलीखोलीत जाळीच्या एकेका तोंडातून उबदार हवा वर येईल. बॅलरॅटच्या जून ते ऑगस्टच्या हिवाळ्याला यापेक्षा सुसंस्कृत उत्तर नाही.

माझी पत्नी एल्स्पेथ गेल्या जुलैत छातीच्या दुखण्याने इस्पितळात होती. तेथून परस्पर बहीण मर्लकडे, मिल्ड्युराला गेली. डॉक्टरांचे म्हणणे असे की, या घरातला आणखी एक हिवाळा तिला झेपणार नाही. डॉक्टर तरुण आहेत. औषध लागू पडले नाही की तरुण डॉक्टर घराला दोष देतात. तरीही मी मोठ्या मनाने त्यांचे ऐकले. मिल्ड्युरात संत्री आहेत, द्राक्षे आहेत, कोरडे ऊन आहे. बरे होण्यापुरते ठीक. त्यानंतर माणसाने तेथे करावे काय?

सायंकाळी फोन केला. तिला सांगितले की, यंदा घर भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावासारखे असेल, तू निर्धास्त ये. ती म्हणाली, बघू. एवढा चटकन होकार तिने मला लग्नाच्या वेळीही दिला नव्हता.

गुरुवार, १३ मार्च

लॉरी कामाला लागला. गॅसफिटर म्हणून त्याचे नाव चांगले आहे, पण बोलतो फार. अर्धा दिवस घराखाली पालथा पडून असतो आणि तेथूनच फळ्यांमधून संभाषण चालू ठेवतो. मी दिवाणखान्यात वाचत बसलो असता पायाखालून प्रश्न आला की, बाईसाहेब बसतात कुठे? मी सांगितले, मिल्ड्युराला. मग म्हणाला की, हवेची तोंडं कुठे हवीत हे त्यांना विचारलंत का? मी त्याला समजावून दिले की, आजारी माणसावर निर्णयांचा भार टाकू नये.

शेजारचा आयव्हर कुंपणावरून वाकून विचारत होता की, काय रे व्हर्न, बोगदा खणतोयस? तुरुंगातून पळायचं असेल तर समोरचं दार उघडंच आहे की लेका.

दुर्लक्ष केले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आयव्हरच्या धुराड्यातून धूर निघतो आहे. अशा माणसाशी वाद कोणत्या पातळीवर घालावा?

गुरुवार, २७ मार्च

काम पूर्ण. खोल्याखोल्यांतून चकचकीत जाळ्या. भिंतीवर तापमान ठरवणारी थर्मोस्टॅटची तबकडी. मी चार पावले मागे सरून तिच्याकडे पाहिले. समाधान वाटले.

निघताना एक छोटासा प्रसंग घडला. लॉरी म्हणाला, चला, पेटवून बघू, पाच मिनिटांचं काम. मी नकार दिला. अ‍ॅन्झॅक दिनाच्या, म्हणजे सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, आधी या घरात ऊब पेटत नाही. माझ्या वडिलांनी ती पेटवली नाही, त्यांच्या आईने पेटवली नाही. पंचवीस एप्रिलच्या पहाटे स्मारकापाशी उभे राहावे, रणांगणावर पडलेल्यांना मानवंदना द्यावी, घरी यावे आणि मग काडी ओढावी. या राज्यात स्वाभिमानी घराची हीच ओळख आहे.

लॉरी म्हणाला की, हो हो, माझी आजीपण तसलंच म्हणायची, पण ही ऊब नाही हो साहेब, ही चाचणी आहे. मी म्हणालो, तत्त्वाला पाच मिनिटांची सुट्टी नसते. त्याने टोपी डोक्यावर ठेवली. उद्यापासून किनाऱ्यावरच्या एका शाळेचे काम आहे, थंडी पडली की मी कुणालाच सापडत नाही, असेही बजावले. माझ्या मते त्याच्या मनात माझ्याविषयी आदर निर्माण झाला आहे.

रविवार, ६ एप्रिल

पहिले दहिवर. गवत पांढरे. हे लिहिताना अंगावर ओव्हरकोट आणि हातात मोजे आहेत, त्यामुळे अक्षराकडे लक्ष देऊ नये. स्वयंपाकघरात माझाच श्वास मला दिसतो. मन मात्र प्रसन्न. पूर्ण बसवलेली, न पेटवलेली व्यवस्था घरात असणे ही श्रीमंतीच आहे.

संकल्प: रोज सकाळी थंड पाण्याने तोंड धुणे.

मंगळवार, १५ एप्रिल

एल्स्पेथ आली! कळवल्यापेक्षा दहा दिवस आधी. म्हणाली, कंटाळले मर्लच्या बडबडीला, आणि तुझं ते यंत्र एकदा बघावं म्हटलं. मिल्ड्युराच्या उन्हाने ती सावळी झाली आहे. सोबत एकच लहान बॅग. बाकीचे सामान बहिणीकडेच ठेवले आहे, म्हणजे प्रवासात ओझे नको एवढाच तिचा विचार असणार.

मी तिला खोलीखोलीतून फिरवले. प्रत्येक जाळीपाशी थांबून माहिती दिली. शयनगृहात ती गुडघ्यांवर बसली, जाळीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, गार आहे. मी म्हणालो, अर्थातच. आज पंधरा तारीख आहे.

ती हसली. बराच वेळ हसली. मग माझ्याकडे पाहून थांबली. रात्रीचे जेवण तिने कोट न काढता केले.

गुरुवार, १७ एप्रिल

किरकोळ मतभेद. तिचे म्हणणे, यंत्र माझ्यासाठी बसवलंस ना, मग माझ्यासाठी चालू कर. मी तिला तत्त्व विशद केले. वडिलांचे उदाहरण दिले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये खंदकात, कमरेएवढ्या चिखलात त्यांनी हिवाळा काढला आणि त्यांच्या स्मरणार्थ आपण काही दिवस थोडी थंडी सोसली तर काय बिघडते, असे विचारले. ती म्हणाली की, तुझे वडील फ्रान्समध्ये गारठले म्हणून मी बॅलरॅटमध्ये गारठायचं? त्यांना तरी पर्याय होता का रे? आणि घरी आल्यावर ते चुलीपासून हलायचे नाहीत, हे तुझ्या आईनेच मला सांगितलंय.

आई मोठ्या मनाची होती, पण तपशिलात नेहमी चुकायची.

मध्यम मार्ग म्हणून गावात जाऊन एल्स्पेथसाठी रबराची आणखी एक गरम पाण्याची पिशवी आणि लोकरीची टोपी आणली. टोपी तिने घातली. आभार मानले नाहीत. भावना दाटून आल्या की ती अशीच गप्प होते.

मंगळवार, २२ एप्रिल

घडू नये ते घडले.

ग्रंथालयातून परतलो. दार उघडताच चेहऱ्यावर उबदार हवा आली. घर जणू आतून जागे झाले होते. स्वयंपाकघरात एल्स्पेथ पायांत नुसते मोजे घालून, बाह्या कोपरापर्यंत सारून स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे पाव, भाजत होती आणि गुणगुणत होती. तिला गुणगुणताना मी गेल्या उन्हाळ्यापासून ऐकले नव्हते. मला पाहून म्हणाली, व्हर्न, अरे किती छान चालतंय हे! शाबास! ये, इथे उभा राहा, पायाशी कसं लागतं बघ.

मी तबकडी बंद केली.

रागावलो नाही. आवाजही चढवला नाही. तीन दिवसांचाच प्रश्न आहे, एवढेच म्हणालो. तिने आधी एक बाही खाली केली, मग दुसरी, मग खुर्चीवरचा स्वेटर चढवला. स्कोन उत्तम झाले होते. मी एकट्यानेच खाल्ले.

पुन्हा मोह होऊ नये म्हणून, तिच्याच भल्यासाठी, यंत्राचा फ्यूज काढून कोटाच्या खिशात ठेवला आहे. यंत्र उत्कृष्ट चालते हे यानिमित्ताने सिद्ध झाले. लॉरीच्या चाचणीची आवश्यकता नव्हती, हे माझे मत खरे ठरले.

गुरुवार, २४ एप्रिल

बाहेर धुके, आत धुके. एल्स्पेथला रात्रभर खोकला होता. थंडीचा त्याच्याशी संबंध नसावा. मिल्ड्युराची धूळ असणार.

दुपारी आयव्हर कुंपणावर न थांबता थेट दारात आला. टोपी हातात. असे तो सहसा करत नाही. म्हणाला, व्हर्न, तिचा खोकला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. चालू कर ते. मी म्हणालो, उद्या सकाळी, मानवंदनेनंतर. तो म्हणाला की, एक्केचाळीस साली ह्याच महिन्यात मी ग्रीसमध्ये डोंगरावर बर्फात होतो. बूट फाटलेले, घोंगडी ओली. आम्ही दारं जाळली, खुर्च्या जाळल्या, एका बिचाऱ्याचं गिटारसुद्धा जाळलं. कुणी तारीख नाही विचारली. तिथे पडले ना, त्यातला एकजण जरी आत्ता इथे आला तर पहिल्यांदा हात शेकेल आणि मग तुला शिव्या घालेल.

मी त्याच्या सेवेचा पूर्ण आदर राखून म्हणालो की, प्रत्यक्ष लढलेल्या माणसाला या परंपरेकडे त्रयस्थपणे पाहता येत नाही. युद्धकाळात मी रेल्वेत वेळापत्रके आखली. सरकारनेच मला आघाडीवर जायला सोडले नाही. त्यामुळे माझी दृष्टी अधिक तटस्थ आहे.

आयव्हर मग माझ्या खांद्यावरून आत पाहून म्हणाला, एल्स्पेथ, माझ्याकडे चहा आहे आणि चूल पेटलीय. ती गेली. अंधार पडल्यावर परतली. चहाला एवढा वेळ लागत नाही, पण मी विषय काढला नाही.

उद्याचा कार्यक्रम: पहाटे स्मारक. परत आल्यावर एल्स्पेथला दिवाणखान्यातील जाळीपाशी उभे करणे. दोन शब्द बोलणे. तबकडी फिरवणे.

शुक्रवार, २५ एप्रिल, पहाट

निघतो आहे. एल्स्पेथ जागी आहे, पण भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मी म्हणालो, आज मोठा दिवस. ती म्हणाली, हो व्हर्न. आवाज शांत होता. समेट झाला असे समजण्यास हरकत नाही.

त्याच दिवशी, सकाळ

मानवंदना गंभीर आणि नेटकी झाली. बिगूल वाजला तेव्हा खिशातला फ्यूज मुठीत धरला होता. आयव्हर आला नाही. त्याची पदके नाहीत, त्याची नेहमीची जागा रिकामी. अशा दिवशी! परतताना वाटभर मी त्याला सुनवायची वाक्ये तयार केली.

घरी येताच दारातूनच हाक मारली की, एल्स्पेथ, वेळ झाली! फ्यूज बसवला. दिवाणखान्यात आलो. ती आवरत असेल म्हणून दोन शब्द थोडे मोठ्याने बोललो, म्हणजे आतपर्यंत पोहोचावेत. तबकडी फिरवली. मागच्या अंगणात भुस्स असा आवाज, मग पंखा, मग जाळीतून आधी गार, मग कोमट, मग खरोखर उबदार हवा. मी दिवाणखान्यातून जेवणाच्या खोलीत, तेथून न्हाणीघरात जात प्रत्येक ठिकाणाहून तिला वृत्तांत सांगत होतो: इथे आली! इथेही आली!

शयनगृहातही आली होती. पलंगावरची चादर ताणून बसवलेली. बॅग नाही. आयव्हरची गाडीही त्याच्या दारात नाही.

स्वयंपाकघरात किटली अजून कोमट होती.

शनिवार, २६ एप्रिल

आयव्हर संध्याकाळी परतला. मिल्ड्युरा काही जवळ नाही. कुंपणापाशी मीच उभा होतो. त्याने सांगितले की, नीट पोचवली, मर्लने तिला पाहिल्याबरोबर सूप दिलं. वाटेत झोपली होती. अर्ध्या वाटेनंतर खोकला थांबला. आणि हो, गाडीत हीटर लावला होता मी, तुला विचारलं नाही.

मी त्याच्या निदर्शनास आणले की, तोवर पंचवीस तारीख उजाडली होती, तेव्हा त्यात नियमभंग नाही.

आयव्हर घरात गेला. थकला असावा. त्या वयात एवढा प्रवास करू नये.

रविवार, ४ मे

घरात इतकी ऊब आहे की दिवाणखान्याची खिडकी थोडी उघडावी लागते. वापरात नसलेल्या खोल्यांच्या जाळ्या बंद केल्या आहेत. म्हणजे माझी खुर्ची आणि माझा पलंग सोडून बाकी सगळ्या.

मिल्ड्युराला फोन केला. एल्स्पेथने घेतला. आवाज स्वच्छ, खोकला नाही. मी म्हणालो की, आता काही प्रश्नच उरलेला नाही, दिवसरात्र चालू आहे, तू केव्हाही ये. ती म्हणाली, बरं झालं व्हर्न, तू सांभाळून राहा, उबेत राहा. मला वाटले, तिचा विश्वास बसत नसावा. म्हणून म्हणालो, थांब, तुला ऐकवतो. फोनची वायर ताणून, गुडघ्यांवर बसून, रिसीव्हर बोळातल्या, त्यासाठी मुद्दाम उघडलेल्या जाळीला लावून धरला. बराच वेळ धरला, म्हणजे आवाज पूर्ण पोहोचावा. शयनगृहाच्या दिशेने जाणाऱ्या हवेचा स्वर थोडा वेगळा आहे, तोही तिला कळावा.

कानाला लावला तेव्हा पलीकडे मर्ल होती. म्हणाली की, एल्स्पेथ केव्हाच बागेत गेली, जाता जाता मला रिसीव्हर देऊन गेली. मीच ऐकत होते. मला वाटलं तूच आहेस, काही बोलवत नाहीये म्हणून नुसता श्वास घेतोयस. म्हणून मग ठेवला नाही.

तिला सांगितले की, ते यंत्र होते.

मर्ल म्हणाली, असं होय.

लॉरी म्हणाला होता की, उत्तम यंत्र माणसाच्या श्वासापेक्षा मोठा आवाज करत नाही. ते आज सिद्ध झाले.