दारातला लिंब

मुकुंदवाडी, ७ मे २०२४

तीर्थरूप आक्कास सर्जेरावचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. सकाळी माझ्यासोबत फिरायला येणारे तात्यासाहेब परवा उष्माघातानं गेले. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पण हवामान बदललं वगैरे सगळं पेपरवाल्यांचं खूळ आहे. मे महिन्यात ऊन पडणार नाही तर काय? तात्यासाहेब टोपी घालत नव्हते, एवढंच. मी आता दोन घालतो.

घरात तिसरा एसी बसवतोय. बाहेरच्या डब्याला जागा नाही, म्हणून एकोणीस तारखेला दारातला लिंब तोडतोय. तुझी भावजय सुरेखा त्यावरून दोन दिवस बोलत नाही, त्यामुळं घर तसंही थंड आहे.

रागावलीस तरी लोभ शाबूत ठेव.

तुझा धाकटा,
सर्जेराव

कन्नड, ११ मे २०२४

चि. सर्जेराव यास अनेक आशीर्वाद.

वाळूजच्या कंपनीत तीस वर्षं काढून तू हे शिकलास, वाचून धन्य झाले. ऊन वाढलं नाही म्हणायचं आणि उन्हाला भिऊन तीन एसी लावायचे! लहानपणी साप दिसला की तू डोळे मिटून साप गेला म्हणायचास. अजून तसाच आहेस.

तात्यासाहेबांच्या दहाव्याला जा. टोपी मात्र एकच घाल, लोक दुःखात असतात. आणि लिंब तोडलास तर मी तुझ्या दारात येणार नाही.

माया कमी झालेली नाही, अक्कल तुझी झाली आहे.

द्वारका आक्का

मुकुंदवाडी, १५ मे २०२४

ती. आक्कास शि. सा. न.

काल दहावा झाला. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. बारा वाजले. मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन. पुतण्यानं बांधाचं भांडण सोडलं. तरी कावळा नाही. शेवटी गुरुजी म्हणाले, घाटावरची झाडं तोडली तवापासून कावळे येतच नाय. मग दर्भाचा कावळा करून शिववला.

आक्का, मला लई भ्या वाटलं. माझ्या पिंडाला कोण येणार? घरी येऊन वर बघितलं, तर लिंबावर कावळ्याचं घरटं. लिंब राहू दिलाय, एसी परत पाठवला. रोज भाकरीचा पहिला तुकडा कावळ्यांना घालतो. आधीपासून ओळख असलेली बरी.

भित्र्या भावावर लोभ असू दे.

सर्जेराव

कन्नड, २० मे २०२४

चि. सर्जेरावास आशीर्वाद.

उन्हाला, बायकोला आणि मला जे जमलं नाही ते कावळ्यानं केलं. लिंब वाचला तो तुझ्या पिंडासाठी, पण लिंबाला त्याचं काय!

खरं तर तुला हसायला मला तोंड नाही. गल्लीत मी बारा रोपं लावली, त्याचं तू सगळ्यांना कौतुक सांगतोस. प्रत्येक रोपाला माझ्या नावाची पाटी आहे, हे तुला सांगितलं नव्हतं. मागून कुणीतरी नाव वाचावं म्हणून. काढू म्हणते, पण हात धजत नाही. भ्या मलाही वाटतं रे.

शनिवारी येते. लिंबाखाली दोन खुर्च्या टाक. कावळ्यांशी ओळख सावकाश वाढव. मी थोरली आहे, पहिला नंबर माझा. रांग मोडायची नाही.

तुझी आक्का